घट्ट की सैल

घोट्याच्या आतल्या हाडामागे, बोटभर अंतरावर, एक नाडी लागते. ऑरिनच्या पायावर बिरूतेची दोन बोटं तिथे थांबली होती. चार ठोके आले. पाचवा आला नाही. थोडी रिकामी जागा गेली आणि मग एक ठोका इतका जोरात आला, की तिच्या बोटांखालची कातडी हलली.

ऑरिनने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सामन्याला चाळीस मिनिटं होती. भिंतीपलीकडे प्रेक्षकांचा ढोल सुरू झाला होता. त्याचा एकही ठोका चुकत नव्हता.

"परवा दहात एकदा होतं," बिरूते म्हणाली. "आज पाचात एकदा."

"कॉफी जास्त झाली, मावशी."

"कॉफी तू पीत नाहीस. तीन वर्षं तुझा चहा मीच करतेय."

सगळा संघ तिला मावशी म्हणे. लिथुआनियातल्या या गावच्या बास्केटबॉल खेळाडूंचे घोटे ती तीस वर्षं बांधत आली होती. ऑरिन चौतीस वर्षांचा होता. अमेरिका सोडून त्याला अकरा हंगाम आणि सहा देश झाले होते. बाहेरून आणलेल्या खेळाडूने दुखतंय असं म्हणायचं नसतं, हे तो पहिल्याच हंगामात शिकला होता. म्हटलं, की क्लब दोन तिकिटं काढतो, एक त्याच्या जाण्याचं आणि एक दुसऱ्या कुणाच्या येण्याचं.

उन्हाळ्यात घरी जिना चढताना त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा अंधारी आली. ऑगस्टमध्ये क्लब सगळ्यांच्या हृदयाचा आलेख काढून घेतो. ऑरिन मुद्दाम चार दिवस उशिरा पोचला आणि मागच्या वर्षीचा कागद देऊन मोकळा झाला. मॅनेजरने तारीख पाहिली नाही. आता जानेवारी होता. तीन आठवड्यांपूर्वी सरावात तो पडता पडता वाचला आणि बुटाची लेस बांधल्याचं नाटक करत खाली बसून राहिला. ते फक्त बिरूतेला कळलं. "माझं मी सांगतो, मावशी. सोमवारी," असं तो म्हणाला होता आणि तोवर गप्प राहायचा शब्द तिने दिला होता. त्यानंतर तीन सोमवार गेले.

दार ढकलून मार्क्वेल आत डोकावला. तो कालच शिकागोहून आला होता. वय चोवीस. अंगावर क्लबचं जाकीट, घडीच्या खुणा अजून तशाच. तो फक्त सामना बघायला आलाय, असं मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं होतं.

"काय काका, एवढी पट्टी? मावशी तुमची ममी बनवतायत की काय?"

"तुझे घोटे अजून नवे आहेत. हसून घे."

मार्क्वेल हसला. "बरं, एक विचारायचं होतं. त्या फ्लॅटमध्ये गरम पाणी येतं ना?"

"कुठल्या फ्लॅटमध्ये?"

"बेकरीवरच्या. तिसरा मजला. मॅनेजर म्हणाले, सोमवारपासून..." बिरूतेचा चेहरा बघून तो गप्प झाला.

ऑरिनच्या खिशात त्याच फ्लॅटची किल्ली होती.

"येतं," तो म्हणाला. "नळ सोडून ठेव आणि निवांत दात घास. दात झाले की येतं."

"सॉरी, काका. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

दार लागलं. मार्क्वेलच्या करारावर मॅनेजरची सही अजून व्हायची होती. आज पंचवीस गुण केले, तर हा सोमवार टळेल. कदाचित पुढचाही.

"बांध, मावशी."

"घट्ट की सैल?" हे ती प्रत्येक सामन्याआधी विचारायची.

"घट्ट."

तिने पट्टीचा एक वेढा घेतला, दुसरा अर्ध्यावर आणला आणि हात थांबवला.

"तुझ्या आधी एक होता," ती म्हणाली. "याच टेबलावर बसायचा. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तिसऱ्या मिनिटाला तो मैदानावर आडवा झाला. पायातले बूट मीच काढले त्याच्या. पट्टी मात्र जागची हलली नव्हती. फार छान बांधली होती मी."

कोच दारात उभे राहिले. "ऑरिन, पाच मिनिटांत बाहेर. सुरुवात तूच करतोयस. त्या नव्याला बघू दे, इथे कसं खेळतात." त्यांनी बिरूतेकडे पाहिलं. "काय गं, आज एवढा वेळ का?"

तिने एक शब्द काढला असता तरी पुरलं असतं. ती कोचकडे बघत राहिली. दिलेला शब्द ती तीन आठवडे पाळत होती आणि आताही तिने तो पाळला. पट्टीचं सुटं टोक एका हातात धरून तिने दुसऱ्या हाताची बोटं पुन्हा घोट्याच्या हाडामागे टेकवली.

चार ठोके आले. मग रिकामी जागा. भिंतीपलीकडे ढोलाचा एक ठोका पडला, दुसरा पडला, तिसराही पडला. रिकामी जागा अजून भरली नव्हती. खोलीच्या कडा काळवंडून आत सरकू लागल्या. ऑरिनने टेबलाची कड घट्ट धरली.

मग ठोका आला.

"काप ती पट्टी, मावशी," तो म्हणाला. मग त्याने दाराकडे मान वळवली. "कोच, माझं हृदय ठोके चुकवतंय. उन्हाळ्यापासून. मी खेळणार नाही."