माईंच्या दाराचं लॅच

"माई, पाकीट तुम्हीच फोडा. किल्लीला मी हात लावणार नाही."

लॅचचं खोकं पुढे करून किल्ल्या उंबऱ्यातच उभा राहिला. पासष्टी उलटली तरी अख्ख्या गल्लीला तो किल्ल्याच होता. किल्ल्या घडवण्यातच जन्म गेलेला. आज दुपारी त्याला तुरुंगाच्या फाटकात हजर व्हायचं होतं. तीन वर्षांची शिक्षा. कपड्यांची पिशवी धरून बायको खाली जिन्यात थांबली होती. वर यायला तिचा पायच उचलत नव्हता. ज्या किल्लीने चोर आत शिरले ती तिच्या नवऱ्याने घडवलेली, आणि शिरले ते याच घरात.

साबणाच्या वडीवर उमटलेल्या ठशावरून किल्ली घडवायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नेम. वडी हातात आली तेव्हाच त्याला काय ते उमगलं होतं. तरी त्याने कानस उचलली. पुढे जेवण गोड लागेना, तेव्हा आपल्या पायाने पोलिसांकडे जाऊन सगळं सांगून आला.

"आधी काम कर, नखरे मग कर," म्हणत माईंनी खुर्ची दाराजवळ ओढली आणि तीत बसल्या. माई ऐंशीच्या. प्रार्थनेच्या सभागृहात गाऊन निरूपण करायच्या, तेव्हा रस्त्यावरचा माणूस सायकलवरून उतरून ऐकत उभा राहायचा. चोरी झाल्यापासून मात्र त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. रात्र रात्र याच खुर्चीत, दाराला पाठ टेकून.

"दुसरा कुणी मिळाला नाही का, माई?"

"मिळतात की रग्गड. पण नवा माणूस कसा असेल, हा आणखी एक घोर कशाला लावून घेऊ? तू कसा आहेस ते मला पुरतं ठाऊक आहे."

त्याने पटाशी काढली आणि चौकटीत खाच पाडायला घेतली. लाकडाच्या ढलप्या उडू लागल्या तशा माई गुणगुणायला लागल्या. ओळ साधीच होती: तू हाक मार, मी आलोच.

"मेल्या, हातोडी ठेक्यात मार ना! गाणं लंगडं करतोस माझं."

त्याने ठेका धरायचा प्रयत्न केला. फारसं जमलं नाही. आयुष्यात त्याने देवापुढे कधी हात जोडले नव्हते. हात मोकळे असतात कुठे, म्हणायचा.

खाच पुरी झाली तेव्हा मान वर न करताच त्याने विचारलं, "माई, तुमचा देव तिथे आत येतो का हो?"

"न येऊन सांगतो कुणाला? अरे, माझ्या निरूपणाला पन्नास माणसं यायची. निम्मी पेंगायची, उरलेली घड्याळ बघायची. तिथे कुणालाच घरी जायची घाई नाही. असे श्रोते देवाला दुसरीकडे मिळायचे आहेत का?"

तो खुदकन हसला. हसता हसता हातातला स्क्रू पडला. शोधायला म्हणून खाली वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

"मला हाक मारता येत नाही, माई," तो खालूनच म्हणाला. "या वयात कुठल्या तोंडाने मारू?"

"आहे त्या तोंडाने. दुसरं कुठून आणणार आहेस?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. लॅच बसवलं, स्क्रू आवळले. माईंनी दातांनी पाकीट फोडलं आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने विस्तव पडल्यासारखा हात मागे घेतला. माईंनी तो मनगटाला धरून पुढे ओढला आणि त्याची बोटं मिटवली.

"किल्लीवाचून तपासणार कसं? फुंकर मारून? जा, बाहेर हो. दार ओढ आणि उघडून दाखव."

तो बाहेर आला. दार बंद झालं. किल्लीला भोक सापडेना. त्याने कपाळ दाराला टेकलं. ओठ हलले. कुणाला तरी त्याने हाक मारली, अगदी हळू. ती माईंना नव्हती.

किल्ली फिरली. दार उघडलं. माई चष्म्यातून रोखून बघत होत्या.

"परत."

त्याने परत लावलं, परत उघडलं.

"अजून एकदा." या वेळी त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला होता.

तिसऱ्यांदा त्याने दार उघडलं तेव्हा आतून काहीच हुकूम आला नाही. माईंची मान खांद्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं, आणि संथ, खोल घोरणं.

तो चवड्यांवर आत गेला, दोन्ही किल्ल्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि मागे सरत दार ओढून घेतलं. लॅच हलकेच बसलं. तळव्याने दार एकदा रेटून पाहिलं. पक्कं होतं.

बायको दोन पायऱ्या वर आली. "अहो, काय म्हणाल्या?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. जिना लोखंडी होता, पावलागणिक वाजायचा. किल्ल्याने वाकून पायातल्या चपला काढल्या, बगलेत धरल्या, बायकोलाही खुणेने काढायला लावल्या, आणि दोघं अनवाणी, एकेक पायरी जपत, तुरुंगाच्या वाटेला लागली.