दहाव्याचा वस्तरा

न्हाव्याने पाण्याची वाटी ठेवली आणि दहाव्याला जमलेल्या मंडळींसमोर भटजी म्हणाले, "मुलाने पुढे बसावं."

पुण्याहून आलेली माझी पुतणी उठली. गेलेल्या दादाचं ते एकुलतं लेकरू, आणि गावाच्या लेखी अजून मुलगाच. आमच्या घराण्यात तिशीत टक्कल पडतं. माझ्या आजोबांच्या टकलाच्या उजेडात गलबतं बंदराला लागायची, हे मी शपथेवर सांगत आलोय. पोरीने मात्र आधी टाळूला औषध चोळून, गोळ्या घेऊन गळती रोखली. मग शरीर बाईचं व्हावं म्हणून हार्मोन सुरू केले, तेव्हा कुठे कपाळाशी लव फुटली. इतक्या वर्षांनी आता जेमतेम वेणी होत होती.

"बाबांसाठी देते, काका," ती पुटपुटली. हात मात्र वेणीवरून सुटत नव्हता.

"थांबा!" मी म्हणालो. "ही मुलगी आहे. आमच्यात मुलींची डोकी भादरत नाहीत."

नदीकाठी हशा पिकला. "दहाव्यालाही थापा, तात्या?" गलबतं त्यांनी सुखाने गिळली होती, आणि हे एवढं खरं कुणाच्या घशाखाली उतरेना.

न्हावी वस्तरा घेऊन तिच्याकडे वळला, तसा मी टोपी काढून मध्ये बसलो. "मी दादाचा धाकटा भाऊ. माझं कर."

"करतो, तात्या. पण काढू काय?"

वेणीवरचा हात काढून पोरीने माझा खांदा घट्ट धरला.

"कानामागे नीट बघ," मी म्हणालो. "दोन-चार आहेत. दादासाठीच राखले होते."