वाटेत हरवलेली धार

आठवडाभर गिटारवाल्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. अॅम्प्लिफायरमधून निघून, जमिनीवरच्या इफेक्ट्सच्या डब्यांतून फिरून परत येईपर्यंत आवाज पार बोथट व्हायचा. या लांबलचक वायरीच आवाजाची धार खातात, असं म्हणत त्याने सिग्नलला जोर द्यायला वाटेत एक बफर बसवला. मग दुसरा. आज तिसरा.

"आता?" तार छेडून त्याने लेकीला विचारलं.

"बाबा, कानात सुया टोचतायत!" तिने दोन्ही कान गच्च झाकले.

"काहीतरीच तुझं. अजून मढ्यासारखाच वाजतोय." गिटार बाजूला ठेवून तो चौथा बफर शोधायला खणात डोकं खुपसून बसला.

खोली शांत झाली.


"बाबा, आधी ते तुमच्या मनगटावरचं घड्याळ बंद करा ना. केव्हाचं पीं-पीं करतंय, तुम्हाला ऐकू येत नाही का?"