अविधवा नवमीचा फोटो

अण्णांनी फोटोला हार घातला आणि प्रताप दारातच थबकला.

फोटो आजीचा नव्हताच. नऊवारी आजीची होती, नथ आजीची होती. हसरा चेहरा मात्र प्रतापचा होता.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. बेंगळूरच्या चामराजपेटेतलं जुनं मराठा घर. बायकांनी कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं नाही, ही आजोबांनी घातलेली रीत. भिंतीवर बघावं तर नुसते फेटे आणि मिशा! आजी गेली तेव्हा अण्णा, म्हणजे प्रतापचे वडील जयसिंगराव, पाळण्यात होते. फोटो नाही म्हणून दर अविधवा नवमीला पाटावर सुपारी मांडून ते आईचं श्राद्ध करायचे. आज सकाळी आजोबांचा फोटो पुसायला फडकं शोधत ते घराच्या पुढच्या खोलीतल्या प्रतापच्या फोटो स्टुडिओत गेले आणि कपाटात त्यांना हा सापडला. थोरल्या बहिणीला, रत्नाअक्कांना, दाखवला. अक्कांनी आईला पाहिलेलं. "अगंबाई, आईच की रे!" म्हणत त्या ढसाढसा रडल्या. झालं! लगेच चौकट आली, हार आला.

आता पन्नाशी उलटलेले अण्णा फोटोपुढं लोटांगण घालून लहान पोरासारखे हुंदके देत होते. "आई, एकदाची दिसलीस गं!"

गप्प बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. कुणाला कळणार होतं? बोललं तर घर तुटणार, हेही उघड होतं. पण दर वर्षी मेलेली म्हणून स्वतःला नैवेद्य दाखवलेला बघायचा? छे! ते काही प्रतापला सोसेना.

"अण्णा, उठा. ती आजी नाही. मी आहे."

"भलत्या वेळी कसली रे थट्टा?" अण्णा डाफरले.

"थट्टा नाही. दार लावून मीच माझा फोटो काढला. मी लहानपणापासून अशीच आहे, अण्णा. मुलगी. जिवंत आहे मी, मला हार नका घालू."

अण्णा पांढरेफटक पडले. प्रतापच्या आईनं, मालनबाईनं, धावत जाऊन बाहेरचं दार लावलं. मग अण्णा ताडकन उठले. "चालता हो इथनं!" ते ओरडले आणि फोटो ओढून काढायला त्यांनी हात घातला.

"स्वल्प थांब, जरा थांब," म्हणत रत्नाअक्कांनी तो हात धरला. चष्मा पदरानं पुसून त्यांनी फोटो जवळून न्याहाळला. मग प्रतापकडं बघितलं.

"हार तेवढा काढ, जयसिंग. फोटो राहू दे. या घरातली हसणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय."