शाळेसमोरची लिंबं

"अपघाताची नोंद नसेल तर शाळेसमोर गतिरोधक देता येत नाही, बाई. नियम आहे," अभियंतासाहेब म्हणाले.

"म्हणजे आधी एखादं पोर चिरडायला हवं?" शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाबाईंनी विचारलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेसमोर रोज सकाळी उतारा दिसू लागला: दहीभात, काळी बाहुली आणि रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कुंकू लावलेली लिंबं. भरधाव ट्रक कचकन ब्रेक मारून, लिंबं चुकवत, गोगलगायीसारखे सरकू लागले.

एके दिवशी साहेबांचीच जीप तिथे अडली. ड्रायव्हर पुढे जाईना आणि साहेबही त्याला 'चल' म्हणेनात.

"बाई, यावर काही उपाय?"

कुंकवाची बोटं पदराआड लपवत सुगंधाबाई म्हणाल्या, "उचलायचं नसतं ते, साहेब. जागच्या जागीच गाडायचं. वर डांबराचा चांगला वीतभर उंच थर घालून."