तिथल्या तिथे

ड्यूलुथच्या कॉलेजातल्या हालवर्सनबाईंचं गणिताचं पुस्तक त्यांच्या वेन्डेल नावाच्या विद्यार्थ्याने वेबसाइटवर चढवलं. आता 'प्रमेय ९ पाहा' यावर क्लिक केलं की ते सिद्धतेसकट तिथल्या तिथे उघडायचं. मागची पानं चाळायला नकोत. बाईंनी करून पाहिलं. बाराव्या प्रमेयाच्या सिद्धतेत नववं उघडलं, नवव्याच्या सिद्धतेत परत बारावंच.

"तुझं काहीतरी गंडलंय."

"माझं नाही, बाई. हा त्याला जामीन, तो ह्याला जामीन, असं तुम्हीच लिहिलंय. बावीस वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं?"

बाईंनी आणखी एकदा क्लिक केलं. पुन्हा नववंच.

"एका मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, आधी मागची पानं नीट वाच, मग ये."

"मग?"

"तिने गणितच सोडलं."