सोफियातले तीन गिरक्यांचे चवडे

इग्लिकाचं नाव पुकारायला तीन मिनिटं उरली होती आणि तिच्या आईने कपडे बदलायच्या खोलीच्या दारात बाटलीभर पाणी ओतलं.

"पाण्यासारखं सुरळीत होऊ दे गं माझ्या पोरीचं!"

मोठ्या कामाला निघालेल्या माणसापुढे पाणी सांडायचं, ही बल्गेरियातली रीत खरं तर घरच्या उंबऱ्यावरची. पण लेक सोळा वर्षं सोफियात होस्टेलवर. प्लेवेनहून आलेल्या माउलीने मिळेल तो उंबरा आपला मानला. इग्लिका घाईघाईने बाहेर आली ती थेट त्या थारोळ्यात. चवड्यांपुरते घालायचे मऊ बूट, दोन्ही चिंब.

"अहो, काय केलंत हे!" तिच्या प्रशिक्षक झ्लात्काबाई ओरडल्या. "ओल्या बुटाने गिरकी अडते! दुसरा जोड कुठंय?"

"होस्टेलवर," इग्लिका म्हणाली.

आई रडकुंडीला आली. ऑलिंपिकची जागा एकच. घोट्याची दोन ऑपरेशनं झालेल्या, सव्विशीतल्या जिम्नॅस्टला आजची निवड चाचणी शेवटचीच होती. आज हुकलं की खेळ संपला.

इग्लिकाने बूट ओढून काढले आणि आईच्या हातात कोंबले.

"अगं, गालिच्यावर कातडी सोलून निघेल!" बाई म्हणाल्या.

"निघू दे. कातडी परत येते, बाई."

ढोल सुरू झाला, आणि सहा मीटरची लाल रिबन सळसळत वर गेली. पहिल्या गिरकीत चवडा पोळला. दुसरीत डोळ्यांत पाणी आलं. तिसरीला ती एका पायावर अशी भिरभिरली की प्रेक्षक उभेच राहिले. रिबन छतापर्यंत उडाली, इग्लिका दोन कोलांट्या घेऊन तिच्याखाली हजर. रिबनची काठी अलगद मुठीत आली.

गुण झळकले. पहिली! अख्खा हॉल पाय आपटत तिचं नाव घेत होता आणि आई ओले बूट छातीशी धरून सगळ्यांना सांगत होती, "माझी आहे ती, माझी!"

बाईंनी इग्लिकाचा रक्ताळलेला पाय मांडीवर घेतला. दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन वर्षं त्या तिला "जमेल तेव्हा ये गं" एवढंच म्हणत आल्या होत्या, तेही फार मायेने; पूर्वीसारखं रागावून एकदाही नाही.

"शेवटी गुडघा वाकला," पट्टी गुंडाळत त्या खेकसल्या. "उद्या सकाळी सातला हॉलवर."

इग्लिकाला हसू आवरेना. "काय म्हणालात, बाई?"

"उद्या. सातला. कानांचंही ऑपरेशन करून घेतलंस की काय?"